अथालचा बिनघाईचा हापसा

सन १९९३च्या उन्हाळ्यात सिल्वासाच्या एका पाणी कार्यालयात संगणक आला आणि अथाल गावातला हापसा बंद पडला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो पुढे कार्यालयाने रीतसर जोडून दिला.

संगणक चालवायला विश्वनाथ होता. मूळचा देवगडकडचा, मुंबईत कोर्स केलेला, अथालला मंजुळाबाईंच्या घरी खोली घेऊन राहणारा. मंजुळाबाई धुळ्याकडच्या, नवरा धाग्याच्या फॅक्टरीत. हापसा त्यांच्या दारासमोरच होता. तो बंद पडल्यापासून लांबच्या विहिरीवरून घरमालकीण दोन हंडे आणी आणि भाडेकरू एक बादली. बादली वाटेतच निम्मी होई.

"कंप्युटरवाले भाऊ," मंजुळाबाई विचारत, "तुमच्या हापिसात एवढं मोठं मशीन आलं म्हणे. मग आपली दारातली डंकी, हा हापसा, कधी चालू करतंय ते?"

"अर्ज तातडीत लावलाय, ताई."

नेमकी तीच अडचण होती. तातडीच्या प्रकरणाच्या क्रमांकाआधी लाल शाईने चांदणी रेखायची, ही कार्यालयाची जुनी शिस्त. हेडक्लार्क गजाननराव ती इतकी सुबक रेखत की एकेका तातडीला अर्धी सकाळ जाई. संगणक आल्यावर त्यांनी नियम केला: दुरुस्तीचा हुकूम मशीननेच छापायचा, प्रत्येक प्रकरणाला स्वतंत्र प्रोग्राम लिहायचा, आणि त्या फाईलचं नाव कागदावरच्या क्रमांकाशी चांदणीसकट जुळलं पाहिजे. प्रोग्राम ज्यात लिहायचा तो एडिटर वापीच्या कुठल्याशा दुकानातून आला होता. नावात चांदणीची * अशी खूण दिसली की तो जागीच मान टाकी आणि लिहिलेलं सगळं सोबत घेऊन जाई.

"मशीनवर चांदणी गाळली तर?" विश्वनाथने सुचवलं.

"मग प्रकरण तातडीचं आहे हे कळणार कसं?"

"आपल्याला माहीत आहेच की, गजाननराव."

"माहीत असणं ही खाजगी बाब झाली. ऑफिस नोंदीवर चालतं."

मामला साहेबांकडे गेला. साहेबांनी मशीनकडे आदराने पाहिलं. "ही सरकारी मालमत्ता आहे. तिच्यात ढवळाढवळ नको. प्रकरणं मात्र आपल्या हातातली आहेत." आणि आदेश निघाला: तातडीची प्रकरणे यंत्रास मानवेपर्यंत स्थगित ठेवावीत, ज्यांची कोणासही घाई नाही अशी प्रकरणे प्राधान्याने निकाली काढावीत.

कामाचा धडाका सुरू झाला. चालू हापशांना तेलपाणी झालं, वासोण्याच्या एका हापशाला तर दोनदा रंग लागला. वरून शाबासकीचं पत्र आलं. विश्वनाथ बादली वाहतच होता.

शेवटी त्यानेच मंजुळाबाईंना युक्ती सांगितली. "ताई, नवा अर्ज द्या. लिहा, आम्हाला पाण्याची काही घाई नाही."

"अन् मग दुरुस्त करतील?"

"लगेच."

मंजुळाबाईंनी हातातला हंडा खाली ठेवला. "भाऊ, तुम्ही उन्हातून टोपी घालून येत जा."

पण अर्ज त्यांनी दिला, आणि तो स्वीकारला गेला. ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीवर झुंबड उडाली. "आधी माझं घ्या, मला बिलकुल घाई नाही!" झिपरू नावाचा एक गडी कोपराने वाट काढत ओरडत होता. "याला काय विचारता साहेब, याच्यापेक्षा मला कमी आहे!" मागून एक बाई किंचाळली. दोघांची झटापट झाली.

गजाननराव खवळले. नुसत्या तोंडी निवांतपणावर विश्वास कसा ठेवायचा? प्रत्यक्ष पाहणी ठरली. निरीक्षक अथालला आले तेव्हा मंजुळाबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन येत होत्या. शेरा पडला: 'अर्जदार लगबगीने चालताना आढळली. सबब घाई सिद्ध होते.'

"मग आता काय, नाचत येऊ?" मंजुळाबाई कडाडल्या.

"हळू या, ताई. फक्त पाहणीच्या दिवशी," विश्वनाथने समजावलं.

फेरपाहणीला अख्खं अथाल विहिरीवरून असं परतलं, जणू लग्नाची वरात. बायका उन्हात हंडे पेलून थांबत होत्या, निरीक्षकांची खुशाली विचारत होत्या. एकीने तर भर रस्त्यात गाणं म्हटलं. निरीक्षक खूष झाले. त्यांनी लिहिलं: 'ग्रामस्थ अत्यंत समाधानी. पाण्याची गरज दिसून आली नाही.'

मग पुढचा हुकूम आपोआपच ठरला. विश्वनाथने फाईल उघडली आणि गजाननरावांनी दिलेला मजकूर अर्थाकडे न बघता उतरवला. नावात चांदणी नव्हती. एडिटरने हूं की चूं केलं नाही. प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. मोठं काम फत्ते झाल्यासारखा तो खुर्चीत रेलला, आणि प्रिंटरमधून सरकत येणारा कागद वाचू लागला: 'अथाल येथील हापसा अनावश्यक असल्याने उखडून दादरा येथे तळ्याकाठी बसवावा.'

हापसा उखडायला माणसं त्याच संध्याकाळी आली. कार्यालयाच्या इतिहासात इतकी तत्परता कोणी पाहिली नव्हती. मंजुळाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. मग त्यांनी विश्वनाथच्या हातात दुसरी बादली दिली.

हसताय? गेल्या खेपेला खिडकीशी तुमचं काम अडलं होतं, घरी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हा काचेपलीकडच्या माणसाला ओशाळं हसून "काही घाई नाही, साहेब, सवडीनं बघा" असं कोण म्हणालं होतं? त्यांनी ते रीतसर नोंदवून घेतलं आहे.