दीडशे मीटर तंगूस

सासऱ्यांचं रीळ भरून टाकावं, असं मी एका शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर ठरवलं. निर्णय साधा होता. (माझे सगळेच निर्णय घेताना साधे असतात.) रीळ म्हणजे मासे धरायच्या काठीला लावतात ते, हँडलचं. त्यावरचा जुना दोरा पिवळा पडला होता आणि नुसता हात लावला तरी तुटत होता. नवा आणायचा, गुंडाळायचा, संपलं. अर्ध्या तासाचं काम. हे अर्ध्या तासाचं काम सासरे मला दोन वर्षं सांगत होते आणि मी दोन वर्षं 'या रविवारी नक्की' म्हणत होतो. आता त्यांना जाऊन तेवीस दिवस झाले होते, तेव्हा मी घाई केली.

खरं कारण वेगळं होतं. ते गेले त्या दिवसापासून बायको माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

झालं होतं असं, की सासरे शेवटची तीन वर्षं आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहायचे. गुडघे कामातून गेलेले, वॉकर धरून चालायचे. पण एकदा तळ्यावर जायचंच होतं आणि त्यासाठी रीळ भरून हवं होतं. दुकान माझ्या ऑफिसच्या वाटेवर. म्हणून दिवसातून पाच वेळा फोन. "जावईबापू, तंगूस आणलात का?" तंगूस म्हणजे तो नायलॉनचा पारदर्शक दोरा. शेवटी वैतागून मी त्यांच्या नंबराचा आवाज बंद करून टाकला. (फोनमध्ये तशी सोय असते. नसती तर बरं झालं असतं.) ज्या दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, त्या दुपारी बायकोच्या हाताला त्यांचाच फोन लागला. त्यावरून तिने मला सतरा वेळा फोन केला. मी सतराही वेळा स्क्रीनवर 'सासरे' हे नाव उजळताना बघितलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हसून म्हणालो, "म्हाताऱ्याला दोरा हवाय."

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"फोन का नाही उचललात?" बायकोने विचारलं.

"मीटिंगमध्ये होतो," मी म्हणालो.

त्यानंतर बोलणं बंद. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, चहात साखर बरोबर. फक्त बोलणं नाही. वीजमीटर बघायला आलेल्या माणसाशी ती चार मिनिटं बोलली. मी घड्याळ लावून मोजली. दारामागे उभा राहून मला त्या माणसाचा हेवा वाटत होता, एवढी माझी अवस्था होती.

तर रीळ भरून तिच्यासमोर ठेवायचं, मग ती काहीतरी बोलेलच, असा माझा हिशेब होता. दुकानदाराने दीडशे मीटरची चक्री काढून दिली आणि बजावलं, "ताण देऊन भरा हं. सैल भरलंत तर वरचा दोरा खालच्या थरात रुतून बसतो. मोठा मासा ओढायला लागला की कटकन तुटणार."

"ताण द्यायचा कसा?"

"एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने दोरा चिमटीत धरायचा. घरात आहे ना दुसरं माणूस?"

"आहे, पण बोलत नाही."

"बोलायचंय कशाला? धरायचं."

तिला 'जरा धरतेस का' असं विचारायची माझी छाती होईना. म्हणून मी दुसऱ्या माणसाच्या जागी यंत्र बसवायचं ठरवलं. (मी दप्तरातला कारकून. आयुष्यात बनवलेली एकमेव वस्तू म्हणजे शाळेतली कागदाची होडी, आणि तीही बुडाली होती.)

पहिलं यंत्र बुटांच्या खोक्याचं. खोक्याला दोन भोकं, त्यांतून पेन्सिल, पेन्सिलीवर चक्री. हँडल फिरवलं की चक्री गरगर फिरे आणि दोरा रिळावर असा येऊन बसे, की आत्ता उठून जाईल. बोटाने दाबला तर गादीसारखा दबत होता. दुसरं यंत्र बादलीचं. चक्री पाण्यात सोडली की पाणीच ताण देतं, असं एका व्हिडिओतला गृहस्थ छातीठोकपणे सांगत होता. त्याची चक्री त्याचं ऐकत असेल. माझी बादलीतून उडी मारून बाहेर पडली आणि सोफ्याखाली गेली. तिसऱ्या खेपेला मी जाडजूड शब्दकोश घेतला, दोरा त्याच्या पानांमधून ओढून घेतला आणि वर वरवंटा ठेवला. सत्तर मीटर झकास गेले. मग पान फाटलं, वरवंटा पायावर आला आणि मी हँडल सोडून पाय धरला. सैल सुटलेला सत्तर मीटर तंगूस दिवाणखानाभर पसरला. आधीच तो दिसत नाही. पायात अडकल्यावरच कळतो.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर दारात उभे राहिले. ते महिनाभर मुलीकडे होते, आजच आले होते. दोऱ्याचं टोक माझ्या दातांत होतं, नजर जमिनीवर होती आणि त्यांना गुंता दिसतोय असं मी धरून चाललो होतो.

"फार वाईट झालं हो," ते म्हणाले. "अचानक?"

"अचानक कसलं! सुरुवातीपासून ढिलाईच होती."

"कुणाची?"

"माझीच, दुसऱ्या कुणाची? ताण द्यायला हवा होता, तो मी दिलाच नाही."

"अहो, या वयात ताण?"

"हो, त्याशिवाय टिकतच नाही. शेवटी पुस्तकाखाली घालून वर वरवंटा ठेवला. तरी हातातून गेलं."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "बाईंना... हे माहीत आहे?"

"तिला कळू द्यायचं नाहीये. त्याआधी कापून, गुंडाळून टाकतो."

ते चपला हातात घेऊनच जिन्याने वर गेले. आत स्वयंपाकघरात एक झाकण पडलं आणि बराच वेळ फिरत राहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. तरीही बाहेर येऊन ती मला चार शिव्या देईना. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा भीती वाटली. ही आता कधीच बोलणार नाही, आपण दोघं असेच एकमेकांना चहा देत म्हातारे होणार, असं वाटलं.

रात्री जागून मी गुंता न कापता सोडवला, तो हातानेच परत रिळावर गुंडाळला आणि रविवारी दुपारी ती झोपली तेव्हा चौथं यंत्र उभं केलं. हे मात्र डोकं लावून केलं होतं. रिळाचं हँडल काढलं आणि तिथला स्क्रू ड्रिल मशीनच्या तोंडात पकडला, म्हणजे हात दुखायला नकोत. चक्रीला मजबूत चौकट हवी होती. घरात तशी एकच वस्तू होती. सासऱ्यांचा वॉकर त्यांच्या पलंगाशेजारी होता तसाच उभा होता. त्याच्या दोन दांड्यांवर विणायची सुई आडवी बांधली, सुईत चक्री ओवली आणि चक्रीवर जुना टॉवेल करकचून आवळला. आता ताणाला तोटा नव्हता. मागच्या खोलीतून दोरा खोल्यांमधल्या बोळातून बाहेर, दिवाणखान्यातल्या टेबलापर्यंत आणला. टेबलाशी मी, हातात ड्रिल.

बटण दाबलं. दोरा सतारीच्या तारेसारखा ताठ झाला. रिळावर तो असा घट्ट बसायला लागला की मला माझाच अभिमान वाटला. टॉवेल जरा जास्तच आवळला गेला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. चक्री फिरायची थांबली होती. दोरा काही तुटेना, आणि ड्रिल काही थांबेना.

मग मागच्या खोलीतून आवाज आला. टक. घस्स. टक.

वॉकरच्या पायांची रबरं झिजली होती. ती बदलायचंही मीच कबूल केलं होतं. त्या झिजलेल्या पायांचा आवाज आम्ही तीन वर्षं रोज सकाळी ऐकला होता. चहा झाला का, हे विचारायला ते तसेच यायचे. आता तोच आवाज बोळातून येत होता. टक. घस्स. टक. मी बटण सोडायला हवं होतं, पण माझं बोट बटणावर आखडून बसलं होतं.

झोपायच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"बाबा?"

चोवीस दिवसांनी घरात तिचा खरा आवाज ऐकला, आणि तो माझ्यासाठी नव्हता. केस सुटलेले, डोळ्यांत झोप, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद, की तो मला जन्मात विसरता येणार नाही. तिच्यासमोरून वॉकर एकटाच चालत गेला. त्याच्यावर टॉवेल होता. तिने वॉकर बघितला, मग दोरा, मग दोऱ्याच्या या टोकाला मी.

ड्रिल तेव्हा बंद झालं.

ती जमिनीवर बसली आणि रडली. ते गेले त्या दिवशी रडली नव्हती, नंतरही नाही. आता मात्र तिला रडू आवरेना. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मला माझी लाज वाटत होती आणि हातातलं ड्रिल कुठे ठेवावं तेही सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं, उठली, टेबलापाशी गेली आणि रिळावरच्या दोऱ्यात अंगठ्याचं नख रोवलं.

"वरून घट्ट, खालून ढिलं," ती म्हणाली. "सगळं उलगडा."

मी निमूटपणे उलगडलं. तिने ओला रुमाल आणला, चक्री पायाच्या अंगठ्यात अडकवली, दोरा रुमालातून चिमटीत घेतला आणि म्हणाली, "हँडल लावा. सावकाश फिरवा."

"तुला हे येतं?"

"सात वर्षांची असल्यापासून धरतेय. बाबा फिरवायचे, मी धरायची."

चोवीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. काल दुपारभर ती स्वयंपाकघराच्या दारातून माझी खोकी आणि बादल्या बघत होती, आणि तिची बोटं शिवशिवत असणार.

मी फिरवत राहिलो. वीसेक मीटर गेल्यावर तिने विचारलं, "फोन का नाही उचललात?"

तोंडात 'मीटिंग' आलं होतं. पण दोऱ्याचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या, आणि मध्ये कुठे लपायला जागा नव्हती.

"मला वाटलं, बाबांनाच दोरा हवाय," मी म्हणालो. "बघितले होते सगळे फोन. सतराच्या सतरा."

"माहितीये."

"कसं?"

"तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई दवाखान्यात आल्या होत्या. त्याच म्हणाल्या. म्हाताऱ्याला दोरा हवाय, असं म्हणत होते ते." तिची चिमूट जराही सैल झाली नाही. "तुम्ही मीटिंग म्हणालात आणि मी ठरवलं, खरं सांगेपर्यंत बोलायचं नाही. हात थांबवू नका."

"म्हणजे आता तू..."

"आता बोलतेय ना? तेवढंच. बाकीचं तसंच आहे."

मला रडू आलं. हँडल फिरवता फिरवता डोळे पुसता येत नाहीत, त्यामुळे ते वाहू दिले. दीडशे मीटर संपले तेव्हा रीळ लाकडासारखं टणक झालं होतं. तिने त्यावर नख दाबून बघितलं आणि मान हलवली. मग म्हणाली, "उद्या सकाळी मी तळ्यावर जाणार. बाबांची काठी घेऊन."

"मी येतो. सुट्टी टाकतो."

"सुट्टी टाका. पण यायचं नाही. घरी बसायचं. मी फोन करीन, तो उचलायचा."

सोमवारी मी सकाळी सहापासून फोन मुठीत धरून बसलो. आवाज पूर्ण मोठा केला. आंघोळीला नेला, तो मगाखाली झाकून ठेवला. जेवताना डाव्या हातात. दुपारी एकदा वाजला तेव्हा मी पहिल्या घंटेलाच "हॅलो, हॅलो, मी आहे!" असं ओरडलो. पलीकडे गादीवाला होता. तुमची गादी किती वर्षं जुनी आहे, असं विचारत होता.

पाच वाजता ती आली. साडीला चिखल, चेहरा उन्हाने लाल झालेला, पण मोकळा.

"फोन केला नाहीस?"

"गरज पडली नाही."

मी तिच्या हातातली काठी घेतली. पिशवी रिकामी होती. "लागला नाही का काही?"

"लागला होता. दोरा मस्त टिकला. सोडून दिला."

सोडून दिला! माझ्या मनात एकदम उजाडलं. म्हणजे ही बाई हातात आलेलं सोडूनही देते तर. मी शक्य तेवढा गरीब चेहरा केला आणि विचारलं, "का गं सोडलास?"

"लहान होता," चपला काढत ती म्हणाली. "त्याला काय कळतंय?"

मला पुढच्या महिन्यात बावन्न पूर्ण होतात.