खाली पोकळ हाय

आमच्या घरात शिरण्याआधी दामूकाका दारात उभे राहून एक टाळी वाजवतात. एकच, पण खणखणीत. मग मान तिरपी करून क्षणभर ऐकतात आणि चपला काढता काढता जाहीर करतात, "कपाट सरकवलंत." किंवा, "पडदे धुवायला काढले वाटतं." दहापैकी आठ वेळा ते बरोबर असतं. उरलेल्या दोन वेळा माझी बायको नंदा म्हणते की कपाट सरकवायचं मनात होतं खरं, आणि काका तेही बरोबरच धरतात.

काका मूळचे खारबावचे. भिवंडीत आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटे राहतात. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी लग्न होऊन वसईला. सगळी नोकरी त्यांनी एका बंदराच्या सर्व्हे लाँचवर केली. काम एकच: यंत्रातून पाण्याखाली आवाज सोडायचा, तो तळाला आपटून किती वेळात परत येतो ते मोजायचं, आणि त्यावरून खोली काढायची. परत येणाऱ्या आवाजाला लाँचवर 'रिटर्न' म्हणत. चिखलाचा रिटर्न मऊ, खडकाचा कडक, आणि बुडालेल्या होडीचा, काकांच्या शब्दात, 'वळखीचा'. निवृत्त झाल्यावर समुद्र सुटला, पण रिटर्न काही सुटला नाही.

कोन नाक्यावरच्या कलिंगडवाल्याने त्यांना गाडीला हात लावायची बंदी केली आहे. ते प्रत्येक कलिंगड ठोकून, "ह्याचा रिटर्न बसका हाय," असं बाकीच्या गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगत. खोकला झाला म्हणून डॉक्टरांकडे गेले, डॉक्टरांनी बोटाने छाती ठोकली, तर काकांनी झोपल्या झोपल्याच विचारलं, "तुमाला काय ऐकू आलं ते सांगा, मग माजं सांगतो." माणसांनाही तेच माप. आपण बोललो आणि समोरच्याकडून काहीच आलं नाही, की काका पुढे जातात आणि पुटपुटतात, "रिटर्न न्हाय." आमच्या बिल्डरबद्दल, नगरसेवकाबद्दल आणि मला वाटतं एक-दोनदा माझ्याबद्दलही त्यांचं हेच मत पडलं होतं. मी शाळेत शिकवतो. सकाळी घाई, संध्याकाळी पेपर तपासणी. जिन्यात गाठ पडली की मान हलवून सटकायचो.

रडार हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. लाँचवर त्यांचे जोडीदार सावे रडार बघत. काकांच्या लेखी रडारवाले म्हणजे हवेतले लोक. रेडिओलहरी हवेत लांब पळतात, पण समुद्राच्या पाण्यात शिरल्या की लगेच दम टाकतात. "पाण्यात जिचा जीव जातो, ती कसली लहर?" असं ते म्हणत. सावे यांच्याशी त्यांचा हा वाद नोकरीभर चालला आणि निवृत्तीनंतर फोनवर.

बिल्डिंगच्या मागेच कापड विणायच्या लूमचा कारखाना. दिवसभर खटखट. त्यामुळे काकांचे कान शुक्रवारी उघडत, कारण शुक्रवारी लूम बंद. अशाच एका शुक्रवारी सकाळी ते काठी टेकत आवारात फेऱ्या मारत होते. पाण्याचा टँकर उभा राहतो तिथे आले आणि थांबले. काठी आपटली. एक पाऊल सरकून पुन्हा आपटली. मग गुडघ्यावर बसून फरशीला कान लावला.

"खाली पोकळ हाय," ते उठून म्हणाले.

सेक्रेटरी अन्सारीभाईंना त्यांनी सांगितलं की इथे खाली विहीर असावी आणि वर भरलेला टँकर उभा करणं धोक्याचं आहे. अन्सारीभाईंचा सुताचा धंदा, माणूस सज्जन, पण त्यांनी बिल्डिंगच्या नकाशात बघितलं. नकाशात विहीर नव्हती. बिल्डरला फोन केला, त्यानेही नाही म्हटलं. तेव्हा काका घरात गेले, प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री घेऊन आले आणि त्या जागेवर बसले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. काका उठेनात. टँकर फाटकाबाहेर उभा करावा लागला, पाइप टाकीपर्यंत पुरेना, आणि निम्मी बिल्डिंग बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच.

"काका, पूरी बिल्डिंग परेशान हाय हो," अन्सारीभाई म्हणाले.

"हैराण हाय, पण वर हाय," काका म्हणाले. "खाली गेल्यावर बोलू काय?"

त्यांनी सांगितलं की आता तपासणी रडारनेच व्हायला हवी, कारण त्यांच्या काठीचा आवाज मातीत फार खोल जात नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता. सावे आता जमिनीखालचे पाइप रडारने शोधणाऱ्या एका कंपनीत काम करत होते. ते यंत्र घेऊन येतील, पण पंधरा दिवसांनी, शुक्रवारी. शुक्रवारच हवा, लूम बंद पाहिजेत. कोणी शंका घेतली नाही. आवाजाच्या बाबतीत काकांशी कोण वाद घालणार?

तोवर काका रोज सकाळी सात ते संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत खुर्चीवर. लोक भांडायला जात आणि अर्ध्या तासाने परत येत. बादली भरायला आलेल्या बायका तिथेच बादली पालथी घालून बसू लागल्या, मग भाजी निवडू लागल्या. नंदा जेवणाचा डबा नेऊन देऊ लागली. दुसऱ्या आठवड्यात तर अन्सारीभाईच स्वतःची खुर्ची घेऊन शेजारी बसलेले मी पाहिले; ते काकांना सुताची प्रत सांगत होते आणि काका खाडीतल्या गाळाची. मी घाईत होतो. लांबूनच हात केला.

ठरल्या शुक्रवारी सावे आले. यंत्र गवत कापायच्या गाडीसारखं, चाकं असलेलं. त्यांनी ते फरशीवरून सावकाश ढकललं. पडद्यावर सरळ ओळी उमटत होत्या. त्या जागी त्या एकदम तुटल्या आणि खाली मोठी रिकामी गोलाई दिसली. फरशा उचलल्या. खाली भराव, त्याखाली लाकडी फळ्या. गवंड्याने पहार टेकवली तर फळीतून आरपार जाऊन हातातून सुटली, आणि क्षणभराने खालून पाण्याचा आवाज आला. तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. माझी मुलगी रोज त्या जागेवर शाळेच्या व्हॅनची वाट बघत उभी राहायची.

पुढचं सगळं रीतसर झालं. विहिरीला कठडा आणि जाळी ठरली, टँकरची जागा बदलली, काकांना शाल-नारळ मिळाला. अन्सारीभाईंनी सर्वांसमोर माफी मागितली.

सावे यंत्र गाडीत चढवत होते तेव्हा मी हात लावायला गेलो. लूम बंद असताना काम चांगलं झालं, असं काहीतरी बोललो. सावे हसले.

"रडारला लूमचं काय, सर? ते थोडंच ऐकतं?"

मी थांबलो. मग ते हळू आवाजात म्हणाले, "याचा फोन आला तेव्हा मी तर दुसऱ्याच दिवशी येतो म्हटलं होतं. हाच म्हणाला, घाई नको. मी विचारलं, टँकर आला तर? म्हणाला, मी बसलोय ना वर. मग म्हणाला, सध्या इथं बरं चाललंय."

ते मी कोणाला सांगितलं नाही, नंदालाही नाही. दुसऱ्या दिवशी आवार रिकामं होतं. बादल्या घरोघर गेल्या होत्या आणि अन्सारीभाई दुकानात. संध्याकाळी मी पेपरांचा गठ्ठा तसाच ठेवून खाली उतरलो आणि काकांची बेल वाजवली. या बिल्डिंगमधल्या अकरा वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी दार उघडलं. "काय झालं, सर?"

"काही नाही. सहज आलो."

"सहज," ते म्हणाले. मग लगबगीने खाटेवरचे कपडे गोळा करून मला जागा केली आणि आत गेले. भांडी वाजली, डबे उघडले, पुन्हा उघडले. थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात दोन कप होते, दोन वेगवेगळे.

"सर," त्यांनी विचारलं, "तुमी साखर किती घेता?"