मजामां? कशावरून?

बडोद्यात कुणालाही 'केम छो' विचारा, तो 'मजामां' म्हणतो. पाय प्लास्टरमध्ये असो की सुनेने वेगळी चूल मांडलेली असो, उत्तर एकच. विचारणाराही ते ऐकायला थांबत नाही. आमच्या सोसायटीतले रणदिवेसर मात्र थांबतात. चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "मजामां? कशावरून?"

आता कशावरून म्हणजे काय सांगणार, कपाळ? तळमजल्यावरचे पटेलकाका एकदा गडबडून म्हणाले, "भूख लागे छे." सर म्हणाले, "भूक उंदरालाही लागते." तेव्हापासून सर दिसले की पटेलकाका मोबाइल कानाला लावतात, वाजला नसला तरी.

सर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचे. सगळी हयात त्यांनी मेंदूतल्या एका प्रथिनापायी घालवली. त्याचं नाव व्हीमॅट. सर मात्र भाच्याबद्दल बोलावं तसे 'आपला भरणारा' म्हणतात. मला त्यांनी तो समजावला मांडवीच्या बाजारात, फरसाणाच्या दुकानासमोर. मी बडोद्याचा तो ओलसर लीलो चिवडा घ्यायला गेले होते.

"मंदाताई, तो पुड्या भरणारा बघा. कढईत माल ढीगभर असेल, पण पुडीत भरला तरच गिऱ्हाइकापर्यंत पोचणार. मेंदूच्या पेशीतही तेच. निरोप नेणारं रसायन तयार असतं. आपला भरणारा ते चिमुकल्या पिशव्यांत भरतो, मग पिशवी पेशीच्या कडेला जाऊन रिकामी होते आणि शेजारच्या पेशीला निरोप मिळतो. तेच रसायन आत मोकळं हिंडलं तर घराचीच नासाडी!"

हे सगळं त्या बिचाऱ्या नोकराकडे बोट रोखून चाललेलं. तो सरांना तपासणीचा साहेब समजला आणि घाबरून माझ्या पुडीत मूठभर चिवडा जास्तच टाकला. तेव्हापासून मी सरांना आवर्जून बरोबर नेते.

विद्वान माणूस, चालायचंच. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती पडद्यामुळे.

दुपारी मी त्यांच्या बायकोकडे, शरयूवहिनींकडे, वाती वळायला बसते. एकदा सहज लक्ष गेलं, तर स्वयंपाकघराच्या पडद्याखाली दोन पाय. सरांचेच, त्या निळ्या सपाता साऱ्या सोसायटीच्या ओळखीच्या. दुसऱ्या दिवशीही तेच. शिवाय मी निघाले की हे गृहस्थ स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने येऊन जिन्यात गाठणार. "काय म्हणाली? हसली का? आधी ती हसली की तुम्ही?"

अगं बाई! या वयात बायकोवर पाळत? आणि वहिनी कशा, तर गोगलगाय. माझं डोकंच फिरलं. एक दिवस जिन्यातच सुनावलं, "सर, शोभतं का हे? संशयाला औषध नसतं म्हणतात ते खोटं नाही."

सर कठड्याला टेकले. "उलटं आहे, मंदाताई. औषधामुळेच संशय आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वहिनींचे हातपाय पूर्वी आपोआप उडायचे, तोंड वेडंवाकडं व्हायचं. हातात कप ठरत नसे. त्यांनी लग्नकार्यांना जाणं सोडलं, मग दार उघडणंही. हे सगळं त्या इथे राहायला येण्याआधीचं, मला काय ठाऊक? डॉक्टरांनी गोळी दिली आणि हात शांत झाले.

"ती गोळी काय करते, माहितेय? आपल्या भरणाऱ्याचे हात धरते. ज्याचे गोडवे गात आयुष्य गेलं, त्याला रोज सकाळी मीच अडवतो. तो कमी भरतो म्हणून तिचा कप सांडत नाही. पण मंदाताई, मन आनंदात राहायलाही तोच माल लागतो. या गोळीने कुणाकुणाचं मन पार काळवंडून जातं. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा, वेळेत कळलं तर मात्रा बदलता येईल. आणि ही? विचारलं की म्हणते, मजामां!" सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कशावरून विश्वास ठेवू?"

मी त्याच पावली परत वर गेले. मला काही पोटात ठेवता येत नाही, सर पडद्याआड परत येईपर्यंत तर मुळीच नाही.

"वहिनी, तुमच्या त्या मजामांपायी तुमचा नवरा पडद्याआड उभा राहून सुकला!"

वहिनी वात वळत राहिल्या. "ठाऊक आहे गं. गुडघे दुखतात त्यांचे, म्हणून तर मी तिथे स्टूल ठेवलंय. बसत नाहीत मेले." मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगितलं तर गोळी बंद करतील. पुन्हा दुसऱ्याच्या हातून चहा प्यायचा?"

"बंद नाही, मात्रा बदलतील. पण आधी कळायला तर हवं!"

तेवढ्यात पडद्याखाली निळ्या सपाता येऊन थांबल्या. वहिनींनी त्या पाहिल्या. हातातली वात ताटात ठेवली. ते हात अगदी स्थिर होते.

"अहो," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "मी मजामां नाही. बरेच दिवस झाले. सकाळी उठावंसंच वाटत नाही."

पडदा सरला. सर बाहेर आले आणि वहिनींच्या शेजारी खाली सतरंजीवर बसले, त्या गुडघ्यांनिशी. त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला.

मी वाट बघत होते. पण 'कशावरून' त्यांनी विचारलं नाही.