डाव्या हाताला जिंकवणारा माणूस

आप्पा महाले दिवसभर स्वतःशी खेळायचे आणि रोज स्वतःकडून हरायचे, हे आमच्या सिल्वासाच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या नावावर खपलेली एक चूक माझी होती, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. बायकोलाही मी ते कधी सांगितलं नाही.

आमच्याकडे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम जुळवले जायचे. सुटे भाग बाहेरून यायचे, कामावरच्या मुली ते बसवायच्या, आणि शेवटच्या टेबलावर आप्पा एकेक संच खेळून बघायचे. चालला की डब्यावर त्यांचा गोल शिक्का: ओके. मी नाशिकहून आलेला सुपरवायझर. आप्पा साक्रीकडचे, पन्नाशीला टेकलेले, कपाळाला बुक्का. पोरांचे खेळ खेळण्याचा त्यांना पगार मिळतो, यावर गावाकडे कुणी विश्वास ठेवत नसे.

संचाला रिमोट दोन. दुसरा रिमोट तपासायचा तर दोघांचा खेळ लावावा लागतो. आप्पांनी दोन्ही रिमोट टेबलाला पट्टीने बांधले होते. उजवा हात म्हणजे ‘मोठा’, डावा म्हणजे ‘धाकला’. पडद्यावर दोन इटुकली माणसं एकमेकांना गुद्दे घालायची आणि आप्पा उजव्या हाताला दम भरायचे, "हळू रे! धाकल्याले रडवू नको!"

धाकला नेहमी जिंकायचा. एकदा कारखान्याचे गुजराती शेठ मुंबईच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले. तेव्हा आप्पा डाव्या हाताची पाठ थोपटत होते.

"ये किससे बात कर रहा है?" व्यापाऱ्याने विचारलं.

"अपने भाई से," शेठ गंभीरपणे म्हणाले. "माल देखो ने, माणस मत देखो."

आप्पांचा एक नियम असा की पडद्यावरचा माणूस उडी मारत असताना बटण बंद करायचं नाही. आधी दोघांना जमिनीवर उतरवायचं. जेवणाची घंटा झाली तरी आप्पा उठत नसत.

"आप्पा, वरण गार होतंय," मी म्हणायचो.

"साहेब, तो अधांतरी लटकेल अन् मी वरण खाऊ?"

तपासण्याची खोड कारखान्याबाहेरही सुटत नसे. सिल्वासातच टोकरखाड्याला माझ्या घरी आले की बेल तीनदा वाजवायचे आणि मी दार उघडलं की आधी "ओके" म्हणायचे, मग नमस्कार. माझी बायको हसून बेजार व्हायची. शिक्का मारायचा बाकी राहिलाय, असं ती म्हणायची.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर शेठ, माल आजच काढा म्हणून, माझ्या मानगुटीवर बसले होते. "आजे माल निकळवो जोइए, बस!" त्याच दिवशी आप्पांना दुपारीच ताप भरला आणि मीच त्यांना घरी पाठवलं. अर्धा माल तपासायचा राहिला होता. मी मुलींना सांगितलं, पहिला रिमोट चालतो का बघा आणि डबा बंद करा. दुसरा कोण खेळतंय? मग आप्पांचा खण उघडून उरलेल्या डब्यांवर शिक्का मी मारला, आणि तपासलेला, न तपासलेला माल एकाच थप्पीत लावला. गाडी गेली. त्याच थप्पीतले थोडे डबे मागे राहिले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी विचारलं, "माझे राहिलेले संच?"

"ते बाजूला ठेवलेत, नंतर बघू," मी म्हणालो. "गेला तो सगळा तुमच्याच हातचा."

चार-आठ दिवसांनी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एक संच विकत हवा होता. सीलबंद. "माझ्याच शिक्क्याचा द्या साहेब."

"तुम्हाला कशाला?"

तेव्हा प्रथमच कळलं की धाकला खरा होता. सुभाष, त्यांचा सख्खा भाऊ. आप्पांनीच त्याला जवळच्या सामरवरणीकडच्या सूतगिरणीत चिकटवला होता. इथे दारू उघड मिळते; तो एकदा पिऊन कामावर आला, आणि आप्पांनी गिरणीच्या फाटकावर, त्याच्या सोबत्यांदेखत, त्याच्या कानाखाली वाजवली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. सुभाषला दोन मुलगे. त्यांना पाडव्याला गेम द्यायचा, त्या निमित्ताने उंबरा ओलांडायचा.

"उघडून बघून घ्या ना," एवढं म्हणायचं होतं मला. पण आतला दुसरा रिमोट मुका निघाला असता, तर माझं पितळ उघडं पडलं असतं. मी थप्पीतला एक डबा काढून दिला. आप्पांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि डबा सायकलला बांधला.

दिवाळीनंतर कामावर आले तेव्हा टेबलावरचे दोन्ही रिमोट त्यांनी पट्टीतून सोडवून ठेवले होते.

"काय झालं आप्पा?"

"चहा केला त्याने. दोघं पोरं बसली खेळाले. मोठ्याचा माणूस पळाला. लहान्याचा जागचा हलेना. पोरगं रडाले लागलं. सुभाष म्हणे, दादा, इथंबी तेच. मोठ्याचंच चालतं. डबा बंद करून हातात दिला माझ्या."

मी टेबलावरचा सुटा रिमोट उचलून परत ठेवला.

"माझ्याच हातून सुटला साहेब. ताप होता ना अंगात. शिक्का तर माझाच."

एवढ्या वेळात मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

त्यानंतर आप्पा प्रत्येक संच पुन्हा पुन्हा तपासू लागले. शिक्का मारलेला डबा फोडून परत बघायचे. माल तुंबला. शेठ ओरडले. आप्पांनी कुणाशीही वाद घातला नाही. शिक्का रॉकेलने स्वच्छ धुऊन माझ्या हातात ठेवला.

"डाव्या हातावर भरवसा राह्यला नाही," म्हणाले, आणि साक्रीला निघून गेले. जाण्यापूर्वी घरी आले होते. बेल एकदाच वाजली, म्हणून दुसरंच कुणीतरी असेल असं वाटून बायकोने दार उघडायला उशीर केला.

आता तो कारखाना नाही. सुभाष मात्र इथेच आहे, टोकरखाड्याच्या बाजारात भाजी घेताना दिसतो. दारू सुटलेली दिसते. मान हलवतो, मीही हलवतो. आप्पा साक्रीला आहेत, एवढंच त्यांच्या गावच्या माणसांकडून कळतं. दोघं भाऊ अजून बोलत नाहीत.

दोघा भावांना मी एक वाक्य देणं लागतो: त्या डब्यावरचा शिक्का आप्पांनी मारलेला नव्हता, मी मारला होता.