आत ठेवलेली किल्ली

आमचा दगडूनाना घराला कुलूप लावायचा, दोनदा ओढून बघायचा आणि बंद दाराला सांगायचा, "जाईसन येस व." म्हणजे, जाऊन येतो गं! घरात कोणी नाही. बायको जाऊन चार वर्षं झालेली. गल्ली हसायची, सगळ्यात मोठ्याने मी. नाना म्हणायचा, "हसा. तुमले काय समजस!"

नाना जळगावात गाड्यांची वायरिंग करायचा. शेजारच्या दुकानात मी गाड्यांच्या सीटा शिवायचो. शिकलो चौथीपर्यंतच, पण माझी शिवण उसवलेली कोणी दाखवावी! नानाचं कामही तसंच. "होत नाही" हे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. गिऱ्हाईक काहीही मागो, "व्हई. मी शे ना." होईल, मी आहे ना!

नव्वदचं दशक सरत आलेलं. सावद्याचे एक केळीवाले भाऊ नवी परदेशी गाडी घेऊन आले. दुबईच्या जावयाने रिमोट पाठवला होता. लांबून बटण दाबायचं, की गाडी चालू, एसी चालू. आमच्या वैशाखात उन्हातली गाडी म्हणजे तापलेला तवा. धुळ्याच्या कारागिराने तर हातच जोडले होते. नाना भर रस्त्यात बोलून गेला, "शनिवारपर्यंत नाही झालं तर दुकानाचा बोर्ड उतरवीन!"

रिमोट बसवला, बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं आणि बंद. दहा वेळा तेच. चोर नेऊ नये म्हणून कंपनीने किल्लीच्या डोक्यात चिप घातलेली. ती किल्ली गाडी चालू करायच्या कुलपाजवळ नसली की गाडी मान टाकायची.

"नाना, बोर्डाला शिडी आणू का?" समोरचा पंक्चरवाला ओरडला.

"आण. तुझाच बोर्ड पुसून देतो!"

असं म्हणाला खरा, पण दोन दिवस त्याला भाकर गोड लागली नाही. शुक्रवारी दुपारी जेवायला घरी गेला, तो अर्ध्या जेवणातून पळत आला. गाडीची चौकशी करायला आलेल्या भाऊंना म्हणाला, "भाऊ, दुसरी किल्ली द्या. ती गाडीतच राहील."

"म्हणजे चोराला आमंत्रणच की!"

"रिमोट दाबला तरच ती किल्ली बोलेल. एरवी मुकी."

किल्लीभोवती तारेचे वेढे, कुलपाभोवती तारेचे वेढे, मध्ये एक रिले, म्हणजे रिमोट दाबला की दोन्ही वेढे जोडणारा खटका. किल्लीला रेक्झिनची पिशवी मी शिवली. दुहेरी टाक्याची. डॅशबोर्डच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी, पण मला ठाऊक आहे.

शनिवारी भाऊंनी रस्त्यापलीकडून बटण दाबलं. गाडी चालू झाली, आणि चालूच राहिली. पंक्चरवाल्याने सलाम ठोकला. नाना एवढंच म्हणाला, "भाऊ, न्यूट्रलला ठेवायचं विसरू नका."

संध्याकाळी पेढे घेऊन मी त्याच्या घरी गेलो. "हे सुचलं कुठून रे?"

नानाने दारामागचा खिळा दाखवला. त्यावर घराची दुसरी किल्ली, लाल लोकरीचा गोंडा लावलेली.

"तिची शे," तो म्हणाला. "ती आत राहिली, म्हणून घर मले अजून वळखस."

मग आम्ही चहाला निघालो. नानाने कुलूप लावलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मीच दाराला म्हणालो, "येतो हं, वहिनी."

नानाने कुलूप दोनदा ओढून बघितलं. मग तिसऱ्यांदाही.