अमूर्त वडी

"दहा ओळी? दहा ओळीत झोपडी होते बे! मी बंगला बांधतो, बंगला!"

सुशीलने हे सुनावलं तेव्हा त्याच्या मेहुण्याच्या, गोलूच्या, तोंडात गरम वडी होती. पण दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये भागेल, हे गोलूचं म्हणणं चूक नव्हतं. काम एवढंसंच होतं. हिवाळ्यात सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, बाजारात ढिगाने येते आणि सुशीलची बायको हर्षा झकास सांबारवड्या करते. या खेपेला पहिल्यांदाच बेसा भागातल्या त्यांच्या अख्ख्या कॉलनीने रविवारसाठी ऑर्डरी दिल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या उचलायच्या, एका जागी मांडायच्या आणि ज्याला त्याला 'नोंद झाली' असा मेसेज धाडायचा. बस्स! हर्षाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. रविवार नीट पार पडला तर तिच्या वड्यांचं नाव होणार होतं. फसला, तर शेजारीपाजारी तोंडावर गोड बोलून पुढच्या वेळी दुसरीकडे जाणार होते.

"भाऊजी, साधी स्क्रिप्ट आहे," वडी गिळून गोलू म्हणाला. "रामदासपेठेच्या ऑफिसात मी रोज लिहितो."

"तूच लिही तशा! मी ऑब्जेक्ट ओरिएंटेड करतो. ग्राहक एक ऑब्जेक्ट, ऑर्डर एक ऑब्जेक्ट, ज्याचा कारभार त्याच्यापाशी. अन् सगळ्यांच्या वर, अमूर्त वडी!"

"ते काय असते जी?" हर्षाने विचारलं.

"तिले तळता येत नाही, खाता येत नाही. पण सगळ्या वड्या तिच्यापासूनच होतात."

"खाता येत नाही त कायले केली?"

"अवं, उद्या तू मूगवडे विक, रोडगे विक, विमानं विक! एक ओळ बदलावी नाही लागणार!"

आपला तूर्तास विमानं विकायचा विचार नाही, असं सांगून हर्षा सांबार निवडायला बसली.

सुशील शनिवारभर बंगला बांधत होता. मजल्यावर मजले चढले. अमूर्त वडीखाली तळणीय वडी आली, तळणीय वडीखाली सांबारवडी. आंघोळ राहिली, जेवण गार झालं, पण गडी आनंदाने शीळ घालत होता. मध्येच चाचणी म्हणून त्याने पहिला ग्राहक स्वतःच्याच नावाचा केला, 'सूचना'पुढे, म्हणजे ग्राहकाने खास काही सांगायच्या जागी, मनात येईल ते खरडलं, आणि सगळं चालतंय असं पाहून स्वतःचीच पाठ थोपटली. ताजी सूचना सगळ्यात वर दिसेल, अशीही सोय केली. काय ती नजाकत!

फक्त एक गडबड झाली. प्रत्येक ग्राहकाच्या सूचनेसाठी त्याने खिसा ठेवला होता. पण तो ज्याच्या त्याच्या सदऱ्याला शिवायचा, तर याने दुकानाच्या दाराला शिवला! सगळ्या कॉलनीच्या सूचना एकाच खिशात.

संध्याकाळी त्याने ऐटीत बटण दाबलं. सगळ्यांचे फोन वाजले: 'नोंद झाली', आणि त्याखाली सूचना.

पहिला फोन कॉलनीतल्या प्रेमानंद मास्तरांचा. "वहिनी, तिखट डबल अन् तिखट अजिबात नको, हे एकाच वडीत कसं जमवून राहिल्या तुम्ही?"

हर्षाने सुशीलकडे पाहिलं. सुशीलने पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात दार वाजलं. दारात समोरच्या पार्वतीबाई, मागे त्यांची सून मेघा, दोघींच्या हातात फोन.

"हर्षा, हे काय पाठवलं वं?" पार्वतीबाईंनी मोठ्याने वाचलं. "'सासूबाईंना सांगू नका, वड्या मी घरीच केल्या म्हणणार आहे.' काहून वं मेघा?"

"अन् त्याच्या खाली वाचा ना आई! 'सुनेले सांगू नको, डॉक्टरनं तळलेलं बंद केलं.' काहून जी?"

दोघींनी एकमेकींसमोर फोन धरले. गेल्या! सगळ्या ऑर्डरी गेल्या! हर्षाचे डोळे भरून आले. मग पार्वतीबाईंना आधी हसू फुटलं, मेघाला त्यांच्यापेक्षा जोरात, आणि दोघी सोफ्यावर अशा कोसळल्या की गोलू पाणी आणायला धावला.

"ऑर्डर राहू दे बापा," डोळे पुसत पार्वतीबाई म्हणाल्या. "फक्त आता एकाच डब्यात दे. अख्खी कॉलनी हसून राहिली. उद्या सगळे तुझ्याच दारी येतात पाह्य!"

हर्षाचा जीव भांड्यात पडला. सुशीलला तर जोर चढला. "पाहिलं? डिझाइन मजबूत होतं म्हणून..."

"पण खाली 'पुढे वाचा' आहे," मेघा म्हणाली, आणि तिने ते दाबलं.

सगळ्यात खाली, सगळ्यात पहिली सूचना होती. मेघाने ती खणखणीत आवाजात वाचली. "'माझ्या आईसारखी वडी हर्षाले जन्मात जमणार नाही. पण बोलायची हिंमत कोणात आहे? ग्राहक, सुशील.'"

सुशील पुन्हा पंख्याकडे पाहू लागला.

हर्षा रागावली नाही. तेच वाईट होतं. ती शांतपणे म्हणाली, "गोलू, तुझ्या त्या दहा ओळीत एकाची सूचना एकालेच जाते ना?"

"हो ताई."

"मग लिही."

गोलूच्या ओळी नऊच झाल्या. रविवारी कॉलनी दारात लोटली, तिखटवाल्यांना तिखट मिळालं, फिक्यावाल्यांना फिकं, आणि दुपारपर्यंत कढई रिकामी झाली. भुकेने व्याकूळ झालेला सुशील ताट घेऊन स्वयंपाकघराकडे निघाला, तोच त्याचा फोन वाजला.

'नमस्कार सुशीलजी. आपली सूचना नोंदली आहे. आपल्या वड्या आपल्या आईकडून घ्याव्यात.'

मेसेज अगदी अचूक होता, आणि अचूक माणसालाच आला होता. आई राहते दूर गोंदियाला.