सहा बायका, सहा उजवे पाय

फुगडी कशी घालावी हे मला कोणी शिकवू नये. गणेशचवथीच्या दिवसांत आमच्या तुये गावच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या आळीत, माझ्या पायाचा ठेका पडला की शेजारणीच्या कपाटातल्या बश्या वाजतात. हे मी नाही, ती स्वतः सांगते. तक्रारीच्या सुरात का होईना! वाड्याच्या फुगडी पथकाची म्होरकी पहिल्यापासून मीच, सुमंगला. गाणं मी उचलायचं, फेर मी फिरवायचा.

पण गेल्या दोन चवथींना आम्ही स्पर्धेतून हात हलवत परत आलो, आणि पथकातल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं: यंदाही बक्षीस नाही आलं तर पुढच्या वर्षीपासून म्होरकी तनया. तनया म्हणजे माझीच सून. घरातल्या घरात सत्तापालट! मी म्हटलं, बघतेच.

ही तनया रोज सकाळी चटई टाकून व्यायाम करते. घोट्यांना वजनाचे पट्टे बांधते आणि आडवी पडून पाय वर-खाली करते. एकदा मी तिचे पट्टे बांधून घरभर फिरले. सोडले तर पाय इतके हलके झाले की आपोआप वर यायला लागले. तिथंच मला युक्ती सुचली. वजन बांधून सराव करायचा आणि स्पर्धेच्या दिवशी सोडायचं. चोपडे गावच्या बायका, दरवर्षी पहिल्या येणाऱ्या, तोंडात बोट घालतील.

"आई, ह्यां आडवां पडान हळूहळू करूचां," तनया म्हणाली. "उड्यो मारताना बांदूचां नाय. गुडगे जातले."

"गुडगे माजे आसत," मी म्हटलं.

म्हापशाहून तीन जोड्या आणवल्या. तनयानं पट्टा बांधायला साफ नकार दिला, तेव्हा उरलो आम्ही सहा जणी. माझी धाकटी जाऊ सत्यवती म्हणाली, "वयनी, तीन जोड्यो तीन जणींका. बाकीच्यांनी काय करूचां?"

मी क्षणभरही अडले नाही. फुगडीचा ठेका पडतो उजव्या पायावर, मग डाव्याचे लाड कशाला? सहा पट्टे, सहा बायका, सहा उजवे पाय. आणि हुकूम सोडला की आंघोळीखेरीज पट्टा सुटता कामा नये. चुलीपाशी असा, विहिरीवर असा, पट्टा पायात, साडीच्या आत.

"दोनय पायांक सारखां वजन व्हया, आई. चाल बिघडतली," तनया म्हणाली. तिची खुर्ची हुकत होती ना, म्हणून बोलते, असं मी मनात म्हटलं.

चाल बिघडली हे खरं. थोड्याच दिवसांत वाड्यावरच्या सहा बायका उजवा पाय ओढत चालू लागल्या. सकाळी पोदेरानं पावाच्या सायकलचा भोंगा वाजवला की सहा दारांतून सहा जणी लंगडत बाहेर.

"वयनी, पायाक काय झालां?" त्यानं विचारलं.

हा माणूस पाव घालायला चोपड्यालाही जातो. त्याला खरं सांगणं म्हणजे युक्ती चोपड्याच्या बायकांच्या हाती देणं. "काय नाय, दुकता," मी म्हटलं. मागून सत्यवती म्हणाली, "माजोय." पोदेरानं पावासोबत ही बातमीही दारोदार वाटली. तुयेला लंगडी साथ आली म्हणे! दोन दिवसांनी आरोग्यवाले आले, धुराचं यंत्र आणि रक्त काढायच्या सुया घेऊन.

"सगळ्यांचो उजवोच पाय कसो?" नर्सनं विचारलं.

"एकाच वाड्यावरली आमी," सत्यवती गंभीरपणे म्हणाली, आणि दंड पुढे केला. पाठोपाठ बाकी पाच जणींनीही रक्त दिलं, पण पट्ट्याचं गुपित कोणी फोडलं नाही. अशी माणसं मी तयार केली आहेत. अजूनही आठवलं की माझी छाती फुगते.

स्पर्धा चोपड्याच्या देवळाच्या मांडवात होती. आमचा नंबर आला तसे आम्ही आडोशाला पट्टे सोडले. उजवा पाय कापसाचा झाला! मी गाणं उचललं, फेर सुरू झाला, आणि दुसऱ्या कडव्याला उजवे पाय जे उडाले ते कंबरेपर्यंत. डावे मात्र आपल्या जुन्या चालीनंच. एक पाऊल लांब, एक आखूड. फेर एका जागी फिरेना, तो भोवऱ्यासारखा सरकत परीक्षकांच्या टेबलाकडे निघाला. मधल्या परीक्षकांनी आधी पाण्याची बाटली उचलली, मग कागद, मग स्वतःला.

"आई, थांबा!" फेरात फरफटत येणारी तनया ओरडली. मला वाटलं ती दमली. मी लय वाढवली.

फुगडी संपली तेव्हा टेबल फेराच्या मधोमध होतं आणि परीक्षक टेबलाला पाठ लावून उभे होते. टाळ्या मात्र त्या दिवशी सर्वांत जास्त आम्हालाच पडल्या. याची नोंद असू द्या.

निकालात आमचं नाव कुठेच नव्हतं. पहिल्या चोपड्याच्याच. मी पदर सावरत उठले, तोच अध्यक्ष म्हणाले, "सर्वांत वयस्कर स्पर्धकाला खास बक्षीस आहे. साठीच्या वर कोण असतील त्यांनी वर येऊन वय सांगावं."

तनयानं मला कोपर मारलं. "बक्षीस तां बक्षीस, आई. जावा." तिचं म्होरकेपण जाणार होतं, तरी म्हणाली. माझे डोळे भरले.

पण अडचण होती. वाड्यावर मी एकोणसाठची. लग्न ठरवताना बाबांनी माझ्या वयातली चार वर्षं खाली उतरवून ठेवली होती, ती मी काही परत उचलली नाहीत. आमचे हे, कृष्णनाथ, एकसष्टचे. ते समोर तिसऱ्या रांगेत चणे खात बसले होते.

पथकापुढं नवरा काय मोठा? मी माईक धरला आणि सांगितलं, "त्रेसष्ट."

कृष्णनाथांचा चण्याचा हात तोंडापाशी थांबला. मी बक्षिसासाठी हात पुढे केला, इतक्यात चोपड्याच्या पथकातली एक म्हातारी टुणटुणत मंचावर चढली. "अडुसष्ट," ती म्हणाली, आणि बक्षीस घेऊन गेली.

तर आता म्होरकी तनया. चांगलीच आहे पोर, मीच घडवलेली.

घरी निघताना मी स्कूटरवर मागे बसले. सबंध संसारात ज्यांनी मला "गो, बस बेगीन" यापलीकडे काही म्हटलं नाही, त्या कृष्णनाथांनी स्कूटर सुरू करण्याआधी मान वळवली आणि अदबीनं विचारलं, "नीट बसल्यात मां तुमी?"